प्रीस्ट्रेस्ड बीमला भोक पाडण्याआधी

चाकण, तळेगाव, भिवंडी या भागांत प्रीकास्टचे, म्हणजे यार्डात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या भागांनी उभारलेले, कारखाने आणि गोदामं आता सर्रास दिसतात. सांगाडा उभारणारी मंडळी क्रेन घेऊन पुढच्या साइटला गेली की आमचं काम सुरू होतं. स्प्रिंकलरची पाइपलाइन, केबल ट्रे, हवेचे डक्ट, दिवे, कुठे छताचा मोठा पंखा, हे सगळं वरच्या मजल्याच्या पोटाला लटकवायचं असतं. नेहमीच्या आरसीसी स्लॅबखाली यात फार डोकं लावावं लागत नाही. भोक पाडताना सळई लागली तर फिटर बिट बाहेर काढतो आणि दोन इंच सरकून दुसरं भोक पाडतो. सळईला एखादा ओरखडा पडला म्हणून स्लॅबचं काही बिघडत नाही. प्रीस्ट्रेस्ड बीमखाली हीच सवय महागात पडते, आणि फिटर कितीही जुना असला तरी हे त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगावं लागतं.

कारण आतली स्ट्रँड, म्हणजे ताणून ठेवलेला पोलादी तारांचा पीळ. प्रीटेन्शन्ड बीममध्ये, म्हणजे स्ट्रँड आधी ताणून मग काँक्रीट ओतलेल्या बीममध्ये, बहुतेक वेळा आयएस १४२६८ या भारतीय मानकाची, १२.७ मिमी व्यासाची, सात तारांची स्ट्रँड असते. तिची तुटण्याची ताकद सुमारे १८३ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो), आणि कास्टिंग बेडवर, म्हणजे बीम ओतायच्या साच्यात, ती साधारण त्याच्या पाऊणपट ओढून धरतात. म्हणजे एकेका स्ट्रँडमध्ये सुरुवातीला जवळपास १४ टन ओढ. पुढे काँक्रीट आकसतं, दाबाखाली आखडत जातं, स्ट्रँडही थोडी सैलावते, तरी ११-१२ टन ओढ कायमची राहते. बीमवर भार असो वा नसो. यातली बाहेरची एक तार जेमतेम चार मिमीच्या थोडी वर. कार्बाइड बिट नेटाने दाबलं तर ती खायला वेळ लागत नाही. एक तार गेली की त्या स्ट्रँडची सातव्या हिश्श्याची ताकद त्या जागी गेली. नुसती खाच पडली तर ते आणखी वाईट, कारण इतक्या ताणाखालच्या पोलादाला ओल मिळाली की गंज त्या खाचेतून आत सरकतो आणि तार पुढे कधीतरी, काही कारण दिसत नसताना तुटते.

म्हणून या कामात अँकर, म्हणजे भोकात घट्ट बसणारा बोल्ट, किती ताकदीचा हा प्रश्न दुसरा. भोक कुठे, हा पहिला. आणि त्याचं उत्तर शिडीवर चढून सापडत नाही, ड्रॉइंगवर सापडतं.

पुढचं सगळं डबल टी (दोन इंग्रजी 'T' शेजारी जोडल्यासारखं युनिट) धरून सांगतो, कारण मजल्यांसाठी तेच युनिट जास्त भेटतं आणि तिथेच चुका जास्त होतात. २.४ मीटर रुंद, ६०० मिमी उंच, १.२ मीटर अंतरावर दोन स्टेम (उभ्या बरगड्या), वर ५० मिमीची फ्लँज (आडवी पाटी) आणि त्यावर साइटला ओतलेलं ७५ मिमीचं टॉपिंग; गाळा, म्हणजे आधार ते आधार अंतर, १२ मीटर. स्टेम खाली १२० मिमी रुंद, वर जाताना रुंदावत जाणारा. प्रत्येक स्टेममध्ये चार स्ट्रँड, एकावर एक, मधोमध: खालून ५०, १००, १५० आणि २०० मिमीवर.

प्रीकास्टवाल्याकडून आम्ही मागतो ते फक्त उभारणीचं ड्रॉइंग नव्हे, त्या युनिटचं शॉप ड्रॉइंग, म्हणजे यार्डात ते ज्यावरून बनवलं ते. त्यात चार गोष्टी बघायच्या. स्ट्रँड सरळ आहेत की मधे खाली ओढून टोकांकडे चढवलेल्या आहेत. चढवलेल्या असतील तर गाळ्याच्या मधे सुरक्षित असलेली उंची आधाराजवळ स्ट्रँडच्या नेमकी वाटेत येते. दुसरं, टोकांकडे काही स्ट्रँडवर प्लॅस्टिकची नळी चढवून त्या मोकळ्या ठेवल्या आहेत का. तिसरं, टोकाला खाच पाडून बीम कॉर्बेलवर (खांबातून बाहेर काढलेल्या टेकूवर) बसवला असेल तर तिथे सळयांची किती गर्दी आहे. चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिझाइनमध्ये लटकत्या भारासाठी किती किलो धरले आहेत. हा आकडा बहुधा जनरल नोट्सच्या कोपऱ्यात असतो. तो नसेल तर लेखी विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत रॉडचं कटिंगही सुरू करायचं नाही.

या आकड्याचा अर्थ लावण्यात साइटवर फार गोंधळ होतो. समजा चौरस मीटरला ५० किलो धरले आहेत. एका स्टेमच्या वाट्याला १.२ मीटर रुंदी येते, म्हणजे १२ मीटरच्या गाळ्यात एक स्टेम एकूण ७२० किलो लटकता भार घ्यायला तयार आहे. आता आपली एक लाइन घ्या: १५० मिमीचा हेडर (मुख्य पाइप), मीडियम क्लासचा, पाइपचं वजन मीटरला १९ किलो आणि आतलं पाणी आणखी १९ किलो. शेजारी १०० मिमीची लाइन, पाण्यासकट २१ किलो. केबल भरलेला ६०० मिमीचा ट्रे ५० किलोच्या आसपास. सपोर्टचं लोखंड धरून मीटरला ११० किलो झाले.

ही लाइन टीला आडवी गेली तर प्रत्येक स्टेमवर १.२ मीटरचा भार, १३२ किलो. तो नेमका गाळ्याच्या मधे आला तरी वाकवण्याच्या हिशेबात पसरलेल्या २६४ किलोंइतका. ७२० च्या कितीतरी आत. एक स्टेम सोडून एक धरला तर भार दुप्पट होतो, तरीही बसतो. तीच लाइन टीच्या बाजूने, एकाच स्टेमवरून लांबीभर नेली तर १२ मीटरला १३२० किलो. मर्यादेच्या जवळपास दुप्पट. पाइप तेच, रॉड तेच, अँकर तेच. दिशा बदलली आणि बीम ओव्हरलोड झाला. म्हणून जड मुख्य लाइन आडव्या नेऊन हलक्या शाखा टीच्या बाजूने सोडायच्या, हे लेआउट ठरतानाच भांडून मिळवावं लागतं. पाइपवाल्याला उलटा मार्ग सोपा वाटतो, कारण दोन स्टेमच्या मधल्या पोकळीत पाइप उंच घेता येतो आणि खाली डोक्याला जागा मिळते. त्याचं म्हणणं खोटं नसतं. अशा वेळी दोन स्टेमना आडवं चॅनल टाकून भार दोघांत वाटायचा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आकडा तपासून घ्यायचा.

आता स्टेमवर नेमकं कुठे. तळाला भोक पाडणं फिटरला सगळ्यात सोपं, कारण रॉड सरळ खाली येतो. तेच सगळ्यात वाईट ठिकाण. हिशेब बघा. एम१० चा ड्रॉप-इन अँकर (भोकात टाकून आतून फाकवायचा) म्हणजे १२ मिमीचं भोक, ४० मिमी खोल. पहिल्या स्ट्रँडचा मध्य ५० वर, तिची खालची कड ४४ वर. चार मिमी उरले. बेडवर स्ट्रँड पाच-सहा मिमी इकडेतिकडे असणं स्वाभाविक, त्यामुळे हे चार मिमी काहीच नाहीत. स्ट्रँड चुकवायला भोक बाजूला, कडेपासून ३० मिमीवर घेतलं तर दुसरं संकट. ताणाखाली अँकर काँक्रीटचा शंकू घेऊन सुटतो आणि त्या शंकूचा व्यास खोलीच्या तिप्पट, इथे १२० मिमी. पूर्ण ताकद मिळायला कडेपासून ६० मिमी हवेत. ३० वर शंकू कापला जातो आणि अँकर फाकवताना कोपराच फुटण्याची भीती. १२० च्या स्टेममध्ये ६० मिमी मिळणारी एकच रेघ आहे, मधली, आणि तिथे स्ट्रँड आहे.

तळाच्या विरोधात आणखी एक कारण आहे, जे ड्रिलशी संबंधित नाही. बीम भार पेलतो तो वरच्या दाबाच्या पट्ट्याच्या जोरावर. तळाला टांगलेला भार आधी उभ्या सळयांनी, म्हणजे रिंगा किंवा जाळीने, वर उचलून न्यावा लागतो. ती जाळी कातरबलासाठी, म्हणजे बीमला आडवं कापू पाहणाऱ्या बलासाठी, टाकलेली असते. लटकत्या भारासाठी तिच्यात शिल्लक आहे का, हे डिझाइन करणाऱ्यालाच माहीत. युरोकोड २ या युरोपच्या काँक्रीट नियमावलीत हे स्पष्ट लिहिलं आहे की भार खालच्या भागात लावला तर तो वर नेण्याइतकं उभं पोलाद वेगळं द्या. भार जितका वर पकडाल तितकं हे ओझं कमी.

म्हणून आम्ही स्टेमच्या बाजूला, वरच्या निम्म्यात पकडतो. स्ट्रँडचा वरचा थर २०० वर संपतो. त्यावर १०० मिमी सोडून, म्हणजे तळापासून ३०० ते ५०० मिमीचा पट्टा भोकांसाठी. त्याखाली कुठेही, कोणत्याही कारणाने बिट लावायचं नाही. दोन्ही टोकांपासून पहिला एक मीटरही वर्ज्य. स्ट्रँडमधली ओढ काँक्रीटमध्ये उतरायला तिच्या व्यासाच्या साधारण ६० पट लांबी लागते, १२.७ ला ७६० मिमी. तेवढ्या भागात काँक्रीट फाटायला बघत असतं, कातरबलही तिथेच जास्त असतं. एक मीटर सोडला की दोन्हीपासून दूर राहता येतं.

बाजूला पकडायचं तर ब्रॅकेट लागतो. ७५ बाय ७५ बाय ६ चा अँगल, आडव्या बाजूतून रॉड, उभ्या बाजूतून अँकर. रॉड स्टेमच्या पृष्ठभागापासून ३५ मिमीवर, अँकर अँगलच्या कोनापासून ५० मिमीवर. अँगलची उभी बाजू वर हवी. रॉड खाली ओढतो तेव्हा अँगलचा कोन स्टेमला दाबला जातो आणि वरचा अँकर बाहेर खेचला जातो; दोघांत ५० मिमीचा तरफेचा हात मिळतो. १.३ किलोन्यूटनच्या रॉडला अँकरवर साधारण ०.९ किलोन्यूटन ओढ येते. अँगल उलटा बसवला, उभी बाजू खाली, तर हात २५ मिमीवर येतो आणि ओढ दुप्पट होते. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. ब्रॅकेट तपासताना आम्ही पहिल्यांदा हेच बघतो, नट नंतर.

स्प्रिंकलरच्या सपोर्टला एनएफपीए १३ या अमेरिकी स्प्रिंकलर मानकाचा नियम लागू असेल तर पाणी भरलेल्या पाइपच्या पाचपट वजन अधिक ११४ किलो इतकं हँगरने पेलायला हवं. १५० चा हेडर, २.४ मीटरवर सपोर्ट, वजन ९१ किलो. पाचपट ४५६, अधिक ११४, म्हणजे ५७० किलो. ५.६ किलोन्यूटन खाली आणि तरफेमुळे जवळपास ३.९ किलोन्यूटन बाहेर. एवढ्यासाठी आम्ही एका एम१० वर विसंबत नाही. स्टेममधून आरपार १४ मिमीचं भोक, एम१२ बोल्ट, दोन्ही बाजूंना अँगल आणि खाली आडवं चॅनल. बोल्ट दोन्हीकडून धरलेला असल्यामुळे बाहेर खेचला जाण्याचा प्रश्न संपतो आणि स्टेमला पीळही बसत नाही. एकाच बाजूला जड भार टांगला तर पातळ स्टेम बाजूला वाकू पाहतो, हे विसरलं जातं.

आरपार भोक म्हणजे स्कॅन पक्का हवा. साधा कव्हर मीटर (काँक्रीटमधलं लोखंड शोधणारं यंत्र) रिंगा आणि जाळी छान दाखवतो, पण जवळची जाळी मागच्या स्ट्रँडला झाकते. जीपीआर, म्हणजे काँक्रीटच्या आत बघणारा रडार, लागतोच. स्टेमच्या बाजूवर तो खालून वर सरकवायचा, म्हणजे स्ट्रँडला आडवा. पडद्यावर एकाशेजारी एक चार कमानी उमटतात, ५० मिमीच्या अंतराने, पृष्ठभागापासून पन्नाशीच्या खोलीवर, आणि मागे स्टेमच्या पलीकडच्या बाजूची सरळ रेघ. ही रेघ स्टेमच्या मोजलेल्या जाडीशी जुळली नाही तर मशीनचा वेग चुकीचा लावलेला आहे आणि बाकीच्या खोल्याही चुकीच्या. ताज्या काँक्रीटमध्ये ओल जास्त असल्याने चित्र अंधूक येतं; कास्टिंगची तारीख युनिटवर लिहिलेली असते, ती बघावी. मशीन आडवं, स्टेमच्या लांबीच्या दिशेने फिरवलं तर स्ट्रँड कमानीसारखी दिसतच नाही आणि ऑपरेटर जागा साफ आहे म्हणून सांगून मोकळा होतो. शिवाय जीपीआर सळई आणि स्ट्रँड यांत फरक करत नाही. तो फरक शॉप ड्रॉइंगच करतं. प्रत्येक युनिटवर तीन ठिकाणी, दोन्ही टोकांकडे आणि मधे, स्कॅन ड्रॉइंगशी जुळवायचा. जुळला की लाल खडूने वरच्या स्ट्रँडची रेघ, निळ्याने जाळी, आणि त्यावर पिवळ्याने १०० मिमी सोडून ड्रिलिंगची खालची हद्द. ही पिवळी रेघ युनिटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चॉक लाइनने मारतो.

ड्रिल करताना डेप्थ स्टॉपशिवाय मशीन वर जात नाही. बिटाला टेप गुंडाळून खूण करणं चालणार नाही, टेप घसरते. बिट दोन धारांचं घ्यावं. चार धारांचं बिट सळई लागली तरी कुरतडत पुढे जातं. दोन धारांचं अडकतं, उडतं आणि सांगतं. डायमंड कोअर या कामात पूर्ण बंद, तो स्ट्रँड लोण्यासारखी कापतो आणि हाताला काही कळत नाही. आपल्याकडे खडी काळ्या दगडाची. बेसाल्टचा मोठा खडा लागला की भोकाची गती मंदावते, पण करडी-काळी भुकटी येत राहते. पोलाद लागलं तर भुकटी थांबते, आवाज टणक आणि चिरका होतो, बिट जागेवर नाचतं, आणि टॉर्च मारला तर भोकाच्या बुडाशी चकाकी दिसते. भुकटी थांबली की बोट ट्रिगरवरून उठलंच पाहिजे. हा एवढा एकच हुकूम फिटरच्या अंगवळणी पडला तरी बरंच काही वाचतं.

चकाकी दिसली तर मशीन बंद, भोकाला खूण, फोटो, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला कळवणं. तो बघेपर्यंत भोक बुजवायचं नाही. तार तुटलेली दिसली तर त्या युनिटखालची माणसं हटवून टेकू द्यायचे. काँक्रीटला घट्ट चिकटलेली स्ट्रँड तुटली तर तुटीच्या दोन्ही बाजूंना साधारण त्याच ७६० मिमीमध्ये ती पुन्हा पकड घेते. म्हणून बीम लगेच कोसळत नाही, आणि म्हणूनच लोक ती गोष्ट दडपतात. पण तुटलेल्या जागी, चार स्ट्रँडच्या स्टेममध्ये, चौथा हिस्सा गेलेला असतो. पोस्ट-टेन्शन्ड स्लॅबमध्ये (काँक्रीट घट्ट झाल्यावर स्ट्रँड ताणलेल्या) ग्रीस लावलेली मोकळी स्ट्रँड असेल तर प्रकरण वेगळंच: ती तुटली की टोकापासून टोकापर्यंत पूर्ण निकामी, आणि सुटताना काँक्रीट फोडून बाहेर येऊ शकते. तिथे स्कॅनशिवाय खिळासुद्धा नाही.

सोडून दिलेलं भोक न आकसणाऱ्या उच्च ताकदीच्या ग्राउटने भरायचं आणि नवं भोक जुन्याच्या खोलीच्या दुप्पट अंतरावर घ्यायचं. भरलेल्या भोकाला चिकटून दुसरं भोक पाडण्याचा मोह टाळावा.

अँकरची निवड ही त्यामानाने सोपी. प्रीस्ट्रेस्ड आहे म्हणजे भेगा नाहीत, म्हणून भेग नसलेल्या काँक्रीटचे आकडे वापरा, असं विक्रेते सांगतात. ईएन १९९२-४ हे अँकरचं युरोपीय मानक तसं मानायला परवानगी देतं, पण अँकरच्या जागी सगळे ताण आणि वरून ३ मेगापास्कल जोडूनही काँक्रीट दाबातच राहतं हे दाखवलं तर. ते दाखवणारा कागद नसेल तर भेगाळलेल्याचे आकडे धरा. एम५० (५० मेगापास्कल ताकदीच्या) काँक्रीटमध्ये ४० मिमी खोलीच्या एका अँकरचा शंकू त्या हिशेबाने सुमारे १२ किलोन्यूटनला सुटतो, १.५ ने भागले की ८. बऱ्याच लटकत्या भारांना हे पुरतं. घोळ होतो तो बसवण्यात. ड्रॉप-इन अँकरमध्ये आतला शंकूच्या आकाराचा तुकडा पूर्ण आत गेला नाही तर तो नुसता घर्षणावर उभा राहतो. नेमका सेटिंग टूल वापरला तर अँकरच्या ओठावर ठसा उमटतो. सळईचा तुकडा घालून ठोकलं तर उमटत नाही. तपासणीला हा ठसा पुरेसा पुरावा. झिजलेल्या बिटाने भोक अरुंद होतं, मग अँकर ठोकून घालतात आणि तो अर्ध्या वाटेतच फाकतो. काळ्या दगडात बिट लवकर झिजतं, त्यामुळे गेजने रोज तपासावं. बंदुकीने मारायचे खिळे आम्ही या बीमना लावतच नाही: एम५० आणि बेसाल्टवर पृष्ठभाग उडतो, आणि डोक्यावर टांगलेल्या भाराची ओढ असताना त्यांचा भरवसा नाही.

केमिकल अँकरबद्दल, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवायच्या अँकरबद्दल, थोडं सविस्तर सांगायलाच हवं. डोक्यावर टांगलेला, कायम ओढणारा भार आणि चिकटवलेला अँकर ही जोडी दोनदा जीवघेणी ठरली आहे. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेत बॉस्टनच्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे पॅनेल मोटारीवर कोसळून एक स्त्री ठार झाली. चौकशीत निघालं की वापरलेलं लवकर घट्ट होणारं इपॉक्सी कायमच्या भाराखाली हळूहळू सरकत राहतं. २ डिसेंबर २०१२ रोजी जपानमध्ये सासागो बोगद्यातली छताची पॅनेल पडून नऊ जण गेले. तिथेही बोल्ट चिकटवलेले होते. हे दोन्ही बोगदे प्रीस्ट्रेस्ड बीमचे नव्हते, पण भार लटकवण्याची जात तीच. एसीआय ३१८ या अमेरिकी काँक्रीट नियमावलीच्या २०११ च्या आवृत्तीपासून कायम ओढ असलेले, आडवे किंवा वर तोंड केलेले चिकटवलेले अँकर प्रमाणित माणसानेच बसवावेत अशी अट आहे. आपल्या छताखाली उन्हाळ्यात उष्णता साठते, भोक उलटं असल्यानं रसायन खाली ओघळतं, आणि भुकटी नीट निघाली नाही तर रसायन भुकटीला चिकटतं, काँक्रीटला नाही. त्यात आगीत इपॉक्सी पोलादाच्या कितीतरी आधी सोडून देतं, आणि आपण टांगतोय स्प्रिंकलर. म्हणून आमच्या यादीत लटकत्या भाराला केमिकल अँकर नाही. बाजूला, मुख्यतः कातरबलात, दुसरा इलाज नसेल तरच, तोही मान्यतापत्र असलेला.

होलो-कोअर स्लॅब (लांबीभर आरपार पोकळ्या असलेला) भेटला तर नियम उलटे होतात. तिथे स्ट्रँड पोकळ्यांच्या मधल्या बरगड्यांत असतात आणि रिंगा बहुधा नसतातच. भोक पोकळीच्या बरोबर मध्यावर घ्यायचं, स्ट्रँडच्या मध्यापासून किमान ५० मिमी दूर. पोकळीखाली काँक्रीट फक्त ३०-४० मिमी, म्हणून त्यासाठीचेच आखूड, ओठवाले अँकर किंवा टॉगल वापरायचे आणि भार हलकाच ठेवायचा. पोकळ्यांचे मध्य उघड्या टोकांवरून आधीच तळावर उतरवून घ्यावेत. उभारणीच्या पावसाचं पाणी पोकळ्यांत साचलेलं असतं; पहिलं भोक पाडताच ते ड्रिल आणि माणूस दोघांवर येतं, म्हणून निचऱ्याची भोकं पाडून घेतल्याखेरीज विजेचं मशीन लावू नये. जड भारासाठी दोन स्लॅबच्या सांध्यातून रॉड वर नेऊन टॉपिंगच्या आत प्लेटवर टेकवणं उत्तम, पण ते टॉपिंग ओतायच्या आधी ठरायला हवं.

आय-गर्डरला खालच्या फुगीर भागात स्ट्रँडची ५० मिमीच्या चौकटीची जाळीच असते. तिथे तळ आणि बाजू दोन्ही बंद. वेबमध्ये (मधल्या पातळ उभ्या भागात) आरपार बोल्ट, नाहीतर फुगीर भागाला बाहेरून कवटाळणारं लोखंडी जोखड. चेन होइस्ट, मोनोरेल असले हलते भार कुठल्याच प्रीस्ट्रेस्ड बीमवर फाकणाऱ्या अँकरवर टांगू नयेत. आरपार बोल्ट किंवा जोखडच.

या सगळ्या उठाठेवीवर खरा तोडगा प्रीकास्ट यार्डात आहे. सर्व्हिसेसचं लेआउट कास्टिंगआधी ठरलं तर स्टेममध्ये वरच्या पट्ट्यात २५ मिमीच्या पीव्हीसी नळ्या आडव्या टाकता येतात, दर १.२ किंवा १.५ मीटरला. डबल टीचा साचा बाजूंनी उघडत नाही, युनिट सरळ वर उचललं जातं. म्हणून नळी साच्याच्या दोन बाजूंमध्ये नेमकी बसेल अशी कापायची, तोंडं फोमने बंद करायची आणि जाळीला बांधायची. साच्यातून आरपार बोल्ट घातला आणि तो काढायचा राहिला तर युनिट उचलताना स्टेमच फाटेल. तळाला कास्ट-इन चॅनल हवं असेल तर ते स्ट्रँडच्या खाली बसत नाही, त्यामुळे ते फ्लँजच्या पोटाला, हलक्या भारासाठी. नळीची किंमत चहाच्या खर्चाइतकी, आणि तिच्यामुळे स्कॅन, ड्रिल, अँकर, टेस्ट सगळं वाचतं. मालकाला हे पटवायला ड्रॉइंगच्या टप्प्यावरच बैठकीत बसावं लागतं.

रॉड कापताना सगळे एका लांबीचे कापू नयेत. प्रीस्ट्रेसमुळे युनिट मधे वर चढलेलं असतं आणि शेजारचं युनिट त्याच्या बरोबर नसतं. लेझर लेव्हल लावून प्रत्येक ठिकाणी माप घ्यावं. रॉड कटरने कापावा. वरती गॅस कटिंग नाही, वेल्डिंगच्या अर्थिंगची वायर स्टेममधल्या उघड्या लोखंडाला नाही. स्ट्रँडची ताकद थंड ओढाईतून आलेली असते, तापली की ती जाते. टॉपिंग पूर्ण ताकदीला येईपर्यंत पाइपमध्ये पाणी भरायचं नाही.

शेवटी पुलआउट टेस्ट. बीएस ८५३९ या ब्रिटिश मानकाच्या पद्धतीने चाळीसात एक, पण एका भागात किमान तीन अँकर, कामाच्या भाराच्या दीडपट ओढून. टेस्टरचे पाय कुठे टेकतात ते बघावं: अरुंद स्टेमवर ते अँकरच्या अगदी जवळ येतात आणि शंकू सुटूच देत नाहीत. मग ती टेस्ट अँकर नीट बसला का एवढंच सांगते, काँक्रीट पुरेल का ते नाही. ते हिशेबानेच बघायचं. टेस्टचा तक्ता युनिट क्रमांकासह हँडओव्हरच्या फाइलमध्ये जातो. खडूच्या रेघा पुसल्या जातात, म्हणून स्टेमच्या खालच्या ३०० मिमीवर आम्ही रंगाने दर तीन मीटरला "खाली भोक पाडू नये, स्ट्रँड आहे" असं मराठीत आणि हिंदीत लिहून जातो. आमच्यानंतर भाडेकरूचा इंटिरिअरवाला येणार असतो, आणि त्याच्याकडे शॉप ड्रॉइंग नसतं.